कोजागिरीच्या रात्रीचे खंडग्रास ग्रहण

ऑक्टोबर २०२३ ची अठ्ठावीस तारीख. वार शनिवार. ख्रिस्तसभेच्या पंचांगात प्रेषित संत सायमन व संत यूदा यांचा सण आणि लौकिक पंचांगात कोजागिरी पौर्णिमा. वर्धा जिल्ह्यात कोजागिरी म्हणजे अंगणात अंथरलेल्या सतरंज्या, शेगडीवर आटत ठेवलेले दूध, त्यात वेलदोडे नि बदामाचे काप, आणि मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या गप्पा. आमची कॅथलिक कुटुंबेही या आनंदात शेजाऱ्यांच्या बरोबरीने सामील होतात. त्या वर्षी मात्र रंग निराळा होता. त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होते. दुपारपासूनच वेध लागले म्हणून अनेक घरी दूध आटवलेच गेले नाही. काहींनी आदल्या दिवशीच कोजागिरी उरकून घेतली.

संध्याकाळच्या मिस्सानंतर एका धर्मग्रामवासी मातेने आम्हांस बाजूला बोलावून विचारले, "फादर, सुनेला सातवा लागला जी. आज रात्री तिला बाहेर येऊ द्यावं की नाही? आपण ख्रिस्ती, आपण हे मानत नाही. पण शेजारच्या आजी म्हणतात, उगाच कशाला परीक्षा पाहायची?"

"काही होत नाही, काकू," असे आम्ही उत्तर दिले. उत्तर खरे होते, पण पुरेसे नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून आमच्या लगेच ध्यानी आले. भीती काही एका वाक्याने जात नाही. तेव्हा आम्ही म्हणालो, "रात्री एक वाजता आम्हीच तुमच्या अंगणात येतो. आपण सगळे मिळून ग्रहण पाहू. सुनेने बाहेर बसायचे की नाही, ते तिचे तिने ठरवावे."

त्या रात्री अंगणात जे बोलणे झाले, आणि पुढे वाचन करताना जे हाती आले, ते वाचकांसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भीतीचे ओझे कोणावर?

ग्रहणात गरोदर बाईने भाजी चिरू नये, शिवणकाम करू नये, आडवे-तिडवे झोपू नये. चिरले तर बाळाचा ओठ फाटतो, ही समजूत आपल्याकडे सर्वत्र आहे. ख्रिस्ती घरांतूनही ती पूर्णपणे गेलेली नाही. आम्ही स्वतः लहान असताना, १९८० सालच्या फेब्रुवारीतील सूर्यग्रहणाच्या दिवशी, भर दुपारी रस्ते कसे ओस पडले होते आणि खिडक्यांना कशा चादरी लावल्या होत्या, हे आम्हांला अजून आठवते. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे घातक आहे, म्हणून त्या दिवशीच्या सावधगिरीत काही तथ्य होते. चंद्रग्रहणाची गोष्ट वेगळी. ते पाहायला ना काळी काच लागते, ना दुर्बीण. पौर्णिमेच्या चंद्राकडे जितक्या निर्धास्तपणे पाहावे, तितक्याच निर्धास्तपणे ग्रस्त चंद्राकडे पाहावे.

मग या समजुतीने बिघडते तरी काय, असे कोणी विचारील. एक रात्र घरात बसल्याने काय नुकसान? आमच्या सेवाकाळात एक माता आम्हांला भेटली होती. तिच्या मुलाचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. शस्त्रक्रिया झाली, मूल शाळेत जाऊ लागले, हसू-खेळू लागले. पण आईच्या मनातील काटा निघाला नव्हता. ग्रहणाच्या रात्री आपण एक कांदा चिरला होता, हे तिने सहा वर्षे मनात धरून ठेवले होते. सासरच्यांनीही ते तिला विसरू दिले नव्हते. पापनिवेदनाच्या वेळी नव्हे, तर एकदा सहज घरी गेलो असता तिने ते डोळ्यांत पाणी आणून सांगितले.

वैद्यकशास्त्र सांगते की गर्भाचा ओठ पहिल्या दोन महिन्यांतच, साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात, जुळून येतो. तो का जुळत नाही याची कारणे आनुवंशिक असतात, काही औषधे व धूम्रपान यांचाही वाटा असतो. त्यात कोणत्याही सुरीचा वा चंद्राचा संबंध नाही. ज्या महिन्यात त्या मातेने कांदा चिरला, त्याच्या कितीतरी आधी बाळाचा ओठ घडून गेला होता. एवढी माहिती तिला वेळेवर कोणी दिली असती, तर सहा वर्षांचे ते ओझे तिला वाहावे लागले नसते. निष्पाप माणसाच्या माथी दोष मारणारी समजूत निरुपद्रवी म्हणता येत नाही.

सावली कोणाची?

ग्रहण म्हणजे सावली, हे ज्ञान पाश्चात्त्यांनी आपल्याला दिले, असा एक गैरसमज आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या आर्यभटीयात स्पष्ट म्हटले आहे की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची छाया झाकते. त्याच्याही आठशे वर्षे आधी ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने पाहिले होते की चंद्रावर पडणाऱ्या सावलीची कड नेहमी गोलाकार असते. म्हणून ज्याची ती सावली, ती पृथ्वीही गोलच असली पाहिजे.

दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही, याचे उत्तर सोपे आहे. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. दोन्ही कक्षांच्या छेदबिंदूंना आपल्या पूर्वजांनी राहू आणि केतू अशी नावे दिली. चंद्र पूर्ण सावलीत शिरला तर खग्रास, थोडा शिरला तर खंडग्रास.

ज्ञान असूनही ते उघडपणे बोलण्याचे धैर्य मात्र प्रत्येकाला झाले नाही. ब्रह्मगुप्तासारखा थोर गणिती ग्रहणाचे गणित अचूक मांडतो आणि त्याच ग्रंथात, राहूला नाकारणाऱ्यांना लोकमताच्या विरोधात जाऊ नका म्हणून दटावतो. अकराव्या शतकात भारताविषयी लिहिणाऱ्या अल् बिरूनी या पंडिताला याचे मोठे नवल वाटले होते. आम्ही मात्र ब्रह्मगुप्ताला हसत नाही. व्यासपीठावरून खरे बोलताना "लोकांना काय वाटेल" हा विचार आम्हां धर्मगुरूंच्याही मनात कितीदा येतो, हे आम्ही जाणतो.

आणि ज्ञान हाती असले म्हणजे माणूस ते चांगल्याच कामी लावतो, असेही नाही. १५०४ सालच्या फेब्रुवारीच्या एकोणतिसाव्या रात्री जमैका बेटावर अडकून पडलेल्या कोलंबसाने पंचांगात पाहून ठेवलेले चंद्रग्रहण तेथील आदिवासींना देवाचा कोप म्हणून दाखवले आणि भीती घालून त्यांच्याकडून अन्न मिळवले. तो ख्रिस्ती होता. जिथे भीती घालवायची, तिथे त्याने ती पेरली. हे आपण लपवू नये.

तुरिनचे बिशप आणि आमचे गाव

ग्रहण सुटताना आपल्या खेड्यांतून "दे दान, सुटे गिऱ्हाण" अशी हाक ऐकू येत असे. धान्य, जुने कपडे, पैसे दान दिले म्हणजे चंद्र सुटतो, अशी भावना. हे दान मागण्याचे काम समाजाने ठरावीक जातींकडे सोपवले होते. दान घेणाऱ्याने देणाऱ्याचा विटाळही सोबत घ्यावा, अशी त्यामागची कल्पना. आपल्यापैकी काहींच्या आजोबा-पणजोबांनी ती झोळी स्वतः वाहिली आहे. आभाळातल्या सावलीने अखेर जमिनीवरच्या कोणाला अंधारात ठेवले, हे त्यांना विचारावे.

चंद्राला सोडवण्याची ही धडपड केवळ आपल्याकडेच होती, असे नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर इटलीत तुरिन येथे संत मॅक्सिमस हे बिशप होते. एका संध्याकाळी शहरात एकच आरडाओरडा त्यांच्या कानी आला. चौकशी करता कळले की चंद्राला ग्रहण लागले आहे आणि त्याच्या कष्टात त्याला मदत व्हावी म्हणून लोक ओरडत आहेत. हे लोक त्यांच्याच प्रवचनाला बसणारे ख्रिस्ती होते! मॅक्सिमस यांनी पुढच्या प्रवचनात त्यांना विचारले, तुमच्या ओरडण्याची मदत झाल्याशिवाय देवाला आपले दिवे राखता येत नाहीत काय? म्हणजे आमच्या अंगणातला प्रश्न सोळाशे वर्षांचा जुना आहे. यिर्मया संदेष्ट्याने तर त्याच्याही हजार वर्षे आधी आपल्या लोकांना सांगून ठेवले होते की आकाशातील चिन्हांनी इतर राष्ट्रे घाबरली तरी तुम्ही घाबरू नका.

ग्रहणाने मोजलेली पृथ्वी

चंद्रग्रहणाचा एक विशेष असा की ते जिथून जिथून दिसते, तिथून तिथून एकाच क्षणी दिसते. त्या क्षणी स्थानिक घड्याळात किती वाजले, हे दोन गावांनी टिपून ठेवले की त्या गावांमधील पूर्व-पश्चिम अंतर काढता येते. आज सगळ्या देशाचे घड्याळ एक आहे. पण सूर्याच्या हिशेबाने वर्धा वसईच्या सुमारे तेवीस मिनिटे पुढे आहे. घड्याळे सूर्यावर लावण्याच्या काळात एकच ग्रहण वसईकराने आणि वर्धेकराने पाहून वेळा पत्राने कळवल्या असत्या, तर दोन्ही गावांमधील रेखांशांचा फरक घरबसल्या कळला असता.

हे प्रत्यक्षात घडलेही. फ्रान्समधील पेरेस्क नावाच्या विद्वानाने २८ ऑगस्ट १६३५ च्या चंद्रग्रहणासाठी भूमध्य समुद्राच्या काठच्या आपल्या मित्रांना आधीपासून पत्रे लिहून तयार ठेवले. युरोपात काहींनी, तर कैरो व अलेप्पोकडे इतरांनी ते पाहिले. निरीक्षकांमध्ये कपुचिन मिशनरी होते. सगळ्यांच्या वेळा जुळवल्यावर असे दिसले की नकाशांवर भूमध्य समुद्र जवळजवळ एक हजार किलोमीटर जास्त लांब दाखवला जात होता. घराच्या गच्चीवर जागलेल्या काही माणसांनी एका रात्रीत समुद्राची लांबी दुरुस्त केली. आपल्या देशातही १७३४ मध्ये फादर बूदिये हे येशूसंघीय धर्मगुरू, सवाई जयसिंगाच्या निमंत्रणावरून, चंद्रनगरहून जयपूरपर्यंत प्रवास करीत गेले आणि वाटेत ठिकठिकाणी आकाशाची निरीक्षणे घेत राहिले.

हिंगणघाटची समाधी

ज्या पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, त्या पृथ्वीचा नेमका आकार काढण्यात आयुष्य घालवलेला एक मनुष्य आमच्याच वर्धा जिल्ह्यात चिरनिद्रा घेत आहे, हे आमच्या पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल. विल्यम लॅम्बटन हे त्याचे नाव.

हा इंग्रज लष्करी अधिकारी. एप्रिल १८०२ मध्ये मद्रासजवळ त्याने सुमारे बारा किलोमीटर लांबीची एक सरळ रेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजली. त्या रेषेचे एक टोक होते सेंट थॉमस माउंट, प्रेषित संत थोमाच्या हौतात्म्याची परंपरा सांगणारी टेकडी. या पायारेषेवरून त्रिकोणांमागून त्रिकोण जोडत त्याने भारताच्या मध्यभागातून दक्षिणोत्तर माप नेले. त्याचे मोठे कोनमापक यंत्र अर्ध्या टनाचे होते. इंग्लंडहून येताना ते फ्रेंचांच्या हाती पडले आणि मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नराने ते सन्मानपूर्वक परत पाठवले. पुढे तंजावरला मंदिराच्या शिखरावर चढवताना दोर तुटून ते आपटले. लॅम्बटनने तंबूत बसून आठवडेच्या आठवडे खपून स्वतःच्या हातांनी ते दुरुस्त केले.

याच लॅम्बटनविषयी असे सांगतात की तरुणपणी उत्तर अमेरिकेत असताना काळ्या काचेविना सूर्यग्रहण पाहिल्यामुळे त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती. म्हणजे भारताचे हे सारे मोजमाप एका डोळ्याने झाले! सूर्यग्रहणाचा धोका कशात आहे आणि कशात नाही, हे मुलांना शिकवायला याहून चांगला दाखला आम्हांला मिळाला नाही.

हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवीत असताना, जानेवारी १८२३ मध्ये, सत्तरीच्या घरात असलेला लॅम्बटन हिंगणघाट येथे मरण पावला. त्या वेळी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. वर्धा जिल्हा अस्तित्वात यायला अजून जवळजवळ चाळीस वर्षे होती. तिथेच त्याला पुरण्यात आले. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयापर्यंत नेले आणि जगातील सर्वोच्च शिखराला त्याचे नाव लाभले. लॅम्बटनच्या वाट्याला हिंगणघाटची माती आली. राज्यकर्त्यांना हे माप आपल्या सत्तेसाठी हवे होते, हे खरेच. आणि त्या त्रिकोणांच्या टोकांवर निशाणे धरून जंगलात तापाने मेलेल्या कित्येक भारतीय मदतनिसांची नावेही कुठे कोरलेली नाहीत, हेही खरे. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, तिच्या दोन व्यासांत सुमारे त्रेचाळीस किलोमीटरांचा फरक आहे, हे आज आपण सहज सांगतो. ते अचूक ठरवण्यात या सर्वांचा घाम आहे.

अंगणातील सव्वा तास

रात्री एकच्या सुमारास आम्ही त्या घरी पोहोचलो. चंद्र माथ्यावरून पश्चिमेकडे किंचित कलला होता. त्याच्याजवळ गुरू ग्रह ठळकपणे चमकत होता. घरची मुले जागी होती. सून दाराच्या उंबरठ्याशी खुर्ची टाकून बसली होती. ना आत, ना बाहेर.

एक वाजून पाच मिनिटांनी सावलीचा स्पर्श झाला. पहिली काही मिनिटे काहीच कळेना. मग चंद्राची कड मळकट दिसू लागली. एक वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी ग्रहणाचा मध्य आला, तेव्हा चंद्राच्या व्यासाचा जेमतेम आठवा भाग झाकला होता; भाकरीचा काठ कोणीतरी मोडून घेतला आहे, एवढाच. "इतकंच?" धाकटा नातू म्हणाला. हो, इतकेच!

झाकलेला तो भाग चंद्राच्या दक्षिण टोकाकडचा. तिथे क्लाव्हियस नावाचे एक प्रचंड विवर आहे. क्लाव्हियस हे येशूसंघीय धर्मगुरू. १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी जे सुधारित पंचांग अमलात आणले, त्याच्या गणिताची बाजू क्लाव्हियस यांनी समर्थपणे सांभाळली. १६५१ मध्ये फादर रिचोली यांनी चंद्राच्या विवरांना नावे दिली, त्यांत हेही नाव दिले. ती नावे जगभर आजही चालू आहेत. ज्या पंचांगाच्या आधारे आपण पास्काचा सण ठरवतो, त्याच्या शिल्पकाराचे नाव त्या रात्री सावलीच्या बाजूला होते, असे आम्ही मुलांना सांगितले.

सासूबाईंनी मग विचारले, "फादर, प्रभू क्रूसावर असताना अंधार पडला, ते ग्रहणच होतं ना?" ते सूर्यग्रहण असू शकत नाही. वल्हांडण सण पौर्णिमेला येतो आणि सूर्यग्रहण फक्त अमावास्येला होते. शिवाय खग्रास सूर्यग्रहण कुठेही साडेसात मिनिटांपेक्षा अधिक टिकत नाही, तीन तास तर नाहीच. ही गोष्ट तिसऱ्या शतकातच जूलियस आफ्रिकानस या ख्रिस्ती लेखकाने दाखवून दिली होती. परंतु १९८३ मध्ये ऑक्सफर्डच्या हम्फ्रीज आणि वॅडिंग्टन या दोन संशोधकांनी गणित करून मांडले की इ. स. ३३ च्या ३ एप्रिलला, शुक्रवारी, यरुशलेममध्ये चंद्र उगवला तो खंडग्रास ग्रहण लागलेल्या स्थितीतच. क्रूसावरील मरणाची ती तारीख असावी, आणि पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्राने योएल संदेष्ट्याच्या आधारे रक्तासारख्या चंद्राचा जो उल्लेख केला, त्यामागे श्रोत्यांनी नुकताच पाहिलेला तो चंद्र असावा, असा त्यांचा तर्क. संधिप्रकाशात ते ग्रहण फारसे दिसलेच नसेल, असे इतर अभ्यासक म्हणतात, इ. स. ३० ही तारीखही अनेकांना मान्य आहे. आपली श्रद्धा या गणितावर उभी नाही. तरीही, ज्या संध्याकाळी मरियामातेने आपल्या पुत्राचे शरीर स्वाधीन केले, त्या संध्याकाळी पूर्वेला काठ झाकलेला चंद्र उगवत असेल, हे नुसते मनात आणूनही आमचे मन स्तब्ध होते.

बोलता बोलता आमच्या लक्षात आले, सुनेची खुर्ची उंबरठ्यावर नव्हती. ती अंगणात, मुलांच्या मध्ये बसली होती. तिला कोणी बोलावले नव्हते.

दोन वाजून गेल्यावर सावली सरत गेली. अडीचच्या आत चंद्र पुन्हा पूर्ण झाला. शेजारच्या आजी तेव्हा उठल्या, त्यांनी स्नान केले, आणि सकाळी ताज्या दुधाचा तांब्या घेऊन त्याच आधी आल्या. त्यांच्या श्रद्धेची कोणी थट्टा केली नाही, आणि आमच्या अंगणात बसण्याला त्यांनीही नाव ठेवले नाही. शेजारधर्म म्हणजे याहून वेगळे काय?

त्या सुनेला पुढे जानेवारीत बाळ झाले, सुखरूप. ग्रहणाने काही होत नाही याचा पुरावा म्हणून मात्र आम्ही हे सांगत नाही. बाळाला काही व्यंग असते, तरीही दोष चंद्राचा नसता आणि त्या आईचाही नसता. हे आम्ही तिच्या सासूबाईंना बाप्तिस्म्याच्या दिवशी मुद्दाम बोलून दाखवले, आणि त्यांनी मान डोलावली.

प्राचीन धर्मपित्यांनी ख्रिस्तसभेला चंद्राची उपमा दिली आहे. तिला स्वतःचा प्रकाश नाही. ख्रिस्तसूर्याचा प्रकाश ती अंधाऱ्या रात्री जगाला पोहोचवते. त्या उपमेचा विचार करताना आम्हांला एक गोष्ट बोचते. चंद्राला झाकणारा कोणी राक्षस नसतो. झाकते ती आपण जिच्यावर उभे आहोत त्या पृथ्वीचीच सावली. आमच्या भीतीची, आमच्या जातीपातीची, खरे बोलण्याच्या आमच्या आळसाची सावली कोणाकोणाच्या माथ्यावर पडते, हे प्रत्येक घराने आपल्या अंगणात बसून पाहावे. पुढच्या ग्रहणाच्या रात्री, जमल्यास, घरातल्या गरोदर लेकीसुनेला सोबत घेऊन.